चित्र कुणी काढलं?

आज मी तुमच्याशी कॉमिक्सबद्दल बोलणार आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसानं कवितेवर बोलावं, संतांवर बोलावं, निदान गझलेवर तरी बोलावं, अशी तुमची अपेक्षा असेल. ती अगदीच मोडणार नाही. पण सुरुवात मात्र एका रद्दीच्या दुकानापासून करतो.

सोलापुरात आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी हे दुकान होतं. तिथे इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक भाड्यानं मिळायचे. टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. आमचं बालपण या दोन सालांच्या मध्ये कुठेतरी गेलं. वेताळ, मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन ही मंडळी आम्हाला शेजाऱ्यांइतकी ओळखीची होती. भाडं परवडायचं नाही म्हणून आम्ही चौघं वर्गणी काढायचो आणि दुकानाच्या पायरीवर बसून एकच अंक चौघं मिळून वाचायचो.

आणि भांडायचो. भांडण वेताळावरून असायचं. जुन्या अंकांतला वेताळ वेगळा दिसायचा आणि नव्या अंकांतला वेगळा. जुना वेताळ साधासुधा, जाड रेघांचा, चेहऱ्यावर फारसा भाव नसलेला. नवा वेताळ पिळदार, सावल्यांत उभा असलेला, पावसात भिजला तर खरंच भिजल्यासारखा वाटणारा. मी नव्याच्या बाजूचा. माझा एक दोस्त हट्टानं जुन्याच्या बाजूचा. तो म्हणायचा, ‘‘तुझ्या वेताळाचे दंड बघत बसावं लागतं. माझ्या वेताळाची गोष्ट पटकन कळते.’’ वय वर्षं अकरा. समीक्षा हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलाही नव्हता.

एकदा हे भांडण आमच्या ओट्यापर्यंत आलं. माझे अब्बा पेंटर होते. म्हणजे दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती रंगवायचे. त्यांनी दोन्ही अंक हातात घेतले, उन्हाकडे धरून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ये तस्वीर कौन निकाल्या रे?’’ आम्ही गप्प. चित्र कुणी काढलं असेल, हा विचार आमच्या मनाला शिवलाही नव्हता. वेताळ होता, म्हणजे होता. तो कुणीतरी काढलेला असतो, दोन वेताळ दोन वेगळ्या हातांचे आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढे कितीतरी वर्षांनी ती नावं मला मिळाली. वेताळाची कथा १९३६ पासून ली फॉक लिहीत होते. आरंभीची चित्रं रे मूर यांची. त्यांच्यानंतर विल्सन मकॉय आले. माझ्या दोस्ताचा लाडका वेताळ तो मकॉय यांचा. १९६१ मध्ये मकॉय वारले आणि साय बॅरी यांनी काम हाती घेतलं. तो माझा वेताळ. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला निम्मं आयुष्य लागलं. तोवर ते विचारणारे राहिले नव्हते.

आपल्याकडे कवीला ही अडचण कधी आली नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपलं नाव घालतात. नामदेव घालतात, तुकाराम घालतात, जनाबाई घालतात, श्रीगोंद्याचे शेख महंमदही घालतात. गझलेतही शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस गुंफतो. ही नाममुद्रा अहंकारापोटी येत नाही. शब्द माझे आहेत, त्यांचा जबाबही मीच देणार, असं ती सांगते. तोंडोतोंडी गेलेल्या रचनांचे धनी त्यामुळेच आपल्याला ठाऊक राहिले.

कॉमिक्सचा जन्म झाला तो मात्र कारखान्यात. १९३० च्या दशकातली अमेरिका. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. दहा सेंटला मिळणारी रंगीत चोपडी छापून विकणारे प्रकाशक न्यूयॉर्कमध्ये उभे राहिले. एकजण गोष्ट लिहायचा, दुसरा पेन्सिलीनं चित्र काढायचा, तिसरा त्यावर शाई फिरवायचा, चौथा फुग्यांतली अक्षरं लिहायचा, पाचवा रंग भरायचा. पानामागे ठरलेले पैसे मिळायचे आणि पान प्रकाशकाचं व्हायचं. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. सुपरमॅननं पुढे कोट्यवधी डॉलर कमावले आणि त्याचे जन्मदाते मात्र कोर्टकचेऱ्यांत आणि ओढगस्तीत म्हातारे झाले. सहकारी चित्रकारांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे १९७५ मध्ये दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर मिळू लागले आणि सुपरमॅनवर त्यांची नावं परत आली. मधली कित्येक वर्षं ती छापलीच जात नव्हती.

आता माझा मुद्दा सांगतो. कॉमिक्समधल्या या अनाम माणसांना नावं मिळवून देण्यात मोठा वाटा त्यांच्या वाचकांचा आहे. विद्यापीठांनी आणि समीक्षकांनी ज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्यावर हे वाचक तासन् तास भांडले. चित्र चांगलं की गोष्ट चांगली, हा वाद घालता घालता ते अब्बांच्या प्रश्नापाशी येऊन पोचले. चित्र कुणी काढलं? गोष्ट कुणी रचली?

पहिलं उदाहरण एका बदकाचं. डोनाल्ड डक तुम्हाला माहीत आहे. त्याच्या कॉमिक्सवर एकच नाव असायचं, वॉल्ट डिस्ने. पण १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेतल्या मुलांच्या लक्षात आलं, की काही अंक इतरांहून फार सरस आहेत. त्यातलं बदक रागावतं तेव्हा त्याच्या पाठीचा बाकही रागावलेला दिसतो. गोष्टीत खजिने, हरवलेली शहरं, लोभी माणसाची फजिती, आणि सगळं कसं घट्ट विणलेलं. नाव ठाऊक नाही, तेव्हा मुलांनी आपल्या परीनं नाव ठेवलं, ‘बदकं चांगली काढणारा’. केवळ रेघेवरून ती त्याचं काम ओळखू लागली. अखेर १९६० च्या सुमारास काही चिकाटीच्या वाचकांनी प्रकाशकाकडे पत्रांचा पिच्छा पुरवून पत्ता मिळवला. कार्ल बार्क्स हे त्याचं नाव. डिसेंबर १९४७ च्या गोष्टीत कंजूष अंकल स्क्रूजला जन्माला घालणारे तेच. जवळजवळ अठरा वर्षं ते लिहीत होते, चित्रं काढत होते. बार्क्स नव्याण्णव वर्षं जगले आणि २००० साली गेले, ते जगभर मान मिळवून. नाव शोधणारे वाचक भेटले नसते, तर ते वॉल्ट डिस्ने या एका सहीखाली कायमचे गाडले गेले असते.

त्याच सुमाराला न्यूयॉर्कमध्ये एका संपादकानं एक साधी गोष्ट केली. त्यांचं नाव ज्युलियस श्वार्ट्झ. तरुणपणी ते स्वतः विज्ञानकथांचे वेडे वाचक होते आणि १९३२ मध्ये मित्रांबरोबर त्यांनी वाचकांचं छोटं नियतकालिकही काढलं होतं. त्यांच्या अंकांत वाचकांच्या पत्रांचं पान असे. त्या पत्रांखाली ते नावाबरोबर पूर्ण पत्ताही छापू लागले. परिणाम असा झाला, की पत्र लिहिणारे एकमेकांना पत्रं लिहू लागले. डेट्रॉइटमधला एक तरुण प्राध्यापक जेरी बेल्स आणि मिसुरी राज्यातला एक तरुण रॉय थॉमस, हे दोघंही याच सुमाराला पत्रांतून एकमेकांशी जोडले गेले. १९६१ मध्ये बेल्स यांनी ‘ऑल्टर इगो’ नावाचं नियतकालिक काढलं. सायक्लोस्टाईलसारख्या साध्या यंत्रावर, घरच्या घरी. आपल्याकडे त्याच दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ सुरू झाली आणि मराठी कवितेचं वळण बदललं. तिथेही पैसा नव्हता आणि प्रतिष्ठा नव्हती. होती ती फक्त खुमखुमी. मला या दोन गोष्टी एकमेकींच्या नात्यातल्या वाटतात.

या पानांवर चालणारे वाद वरवर पोरकट वाटतील. कार्माइन इन्फँटिनो यांचा फ्लॅश धावतो तेव्हा त्याचा वेग कसा जाणवतो? शाई फिरवणारा बदलला की त्याच माणसाचं चित्र का बिघडतं? चित्रातच जे दिसतं आहे, तेच फुग्यात पुन्हा लिहिण्याची गरज काय? पण असे प्रश्न विचारणारा माणूस पान नुसतं वाचत नसतो, ते कसं घडलं हे तपासत असतो. श्वार्ट्झ चांगल्या पत्रांना बक्षीस म्हणून चित्रकारानं हातानं काढलेली मूळ पानं पाठवत. वाचक आनंदानं वेडे होत. ती पानं ज्याच्या हातची, त्या चित्रकाराला विचारायची पद्धत मात्र तेव्हा नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

दुसरं उदाहरण बॅटमॅनचं. १९३९ पासून बॅटमॅनवर एकच नाव होतं, बॉब केन. करारच तसा होता. पण केन यांच्या नावाखाली इतर चित्रकार चित्रं काढत आणि गोष्टी लिहीत ते बिल फिंगर. नुसत्या गोष्टी लिहिल्या असंही नाही. केन यांनी पहिल्यांदा रेखाटलेला बॅटमॅन लाल कपड्यांतला होता, डोळ्यांवर छोटी पट्टी आणि पाठीला ताठ पंख. पंखांऐवजी झूल, पट्टीऐवजी कान असलेलं शिरस्त्राण, लालऐवजी करडा रंग, या फिंगर यांच्या सूचना. ब्रूस वेन हे नाव त्यांचं, गॉथम हे शहरही त्यांनीच दिलेलं.

हे बाहेर कसं आलं? वाचकांमुळे. १९६५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींचं एक छोटं संमेलन भरलं. त्यात फिंगर येऊन बोलले. जेरी बेल्स यांनी त्यांच्याशी बोलून एक लेख लिहिला आणि बॅटमॅनमागचा दुसरा माणूस कोण, हे जाहीरपणे मांडलं. केन भडकले. वाचकांच्याच एका नियतकालिकाला त्यांनी लांबलचक पत्र लिहून सगळं नाकारलं. वाद पेटला आणि विझला. फिंगर १९७४ च्या जानेवारीत गरिबीतच वारले. १९८९ च्या आत्मचरित्रात केन यांनी उशिरानं कबूल केलं, की फिंगर यांना श्रेय मिळायला हवं होतं. पण कराराचा कागद तसाच राहिला.

वाचकांनी मात्र विषय सोडला नाही. एका पिढीनं दुसऱ्या पिढीच्या कानावर घातला. मार्क टायलर नोबेलमन या लेखकानं कित्येक वर्षं माग काढत फिंगर यांची नात शोधून काढली. २०१२ मध्ये त्यानं फिंगर यांच्यावर मुलांसाठी पुस्तक लिहिलं. अखेर सप्टेंबर २०१५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की यापुढे बॅटमॅनच्या श्रेयात केन यांच्याबरोबर बिल फिंगर हेही नाव येईल. १९६५ ते २०१५, पन्नास वर्षं. एका लेखाचा निकाल लागायला अर्धं शतक लागलं. बेल्स २००६ मध्येच गेले होते.

तिसरं उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचं आहे, कारण त्यात खलनायक शोधणं सोपं नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बी. १९६१ मध्ये ‘फँटास्टिक फोर’ आलं आणि मार्व्हल कंपनीचे दिवस पालटले. ली यांच्याकडे कामाचा डोंगर. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. चित्रकाराशी गोष्टीबद्दल थोडक्यात बोलायचं. कधी पानभर टिपण, कधी नुसत्या गप्पा. चित्रकारानं वीसेक पानांची अख्खी गोष्ट चित्रांत उभी करायची. मग ली त्यात संवाद भरणार. अंकावर लेखक म्हणून नाव ली यांचं, चित्रकार म्हणून कर्बी यांचं.

आता सांगा, गोष्ट कुणाची? १९६६ च्या ‘फँटास्टिक फोर’मध्ये ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येतो. ली आणि कर्बी यांचं बोलणं तेवढंच झालं होतं. कर्बी यांनी काढून आणलेल्या पानांवर ली यांना एक अनोळखी माणूस दिसला. चंदेरी अंगाचा, एका फळीवर उभा राहून अंतराळात तरंगणारा. कर्बी यांचं म्हणणं, एवढ्या मोठ्या देवाला एखादा दूत हवाच. हाच सिल्व्हर सर्फर. ही हकिगत स्वतः ली यांनी अनेकदा सांगितली आहे. त्या दूताच्या तोंडी जी उदास, उदात्त भाषा आली ती मात्र ली यांची. एकानं देह दिला, दुसऱ्यानं वाणी.

माझ्यासारख्या शब्दावर पोट असलेल्या माणसाला हे मान्य करायला जड जातं, पण करायला हवं. कॉमिक्समध्ये चित्र गोष्टीला सजवत नाही, चित्रच गोष्ट सांगतं. कुठली चौकट मोठी, कुठली लहान, पात्र पानाच्या कुठल्या कडेला पाहतं, कुठे शांतता ठेवायची, हे सगळं कथन आहे. आपल्या तमाशात वगाचा सांगाडा ठरलेला असतो आणि सोंगाड्या रंगमंचावर ऐनवेळी त्यात प्राण भरतो. मग वग कुणाचा? वाचकांत लीवाले आणि कर्बीवाले असे दोन तट पडले, ते आजही आहेत. ली यांच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायला हवी. पहिल्या पानावर शाई फिरवणाऱ्याचं आणि अक्षरं लिहिणाऱ्याचंही नाव छापण्याची सवय या धंद्याला त्यांनीच लावली. त्या नावांमुळेच तर वाचक हात ओळखायला शिकले.

कर्बी १९७० मध्ये मार्व्हल सोडून गेले. १९८० च्या दशकात कंपनी चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत करू लागली. मघाशी म्हटलं ना, ती पानं पुन्हा येणार आहेत. इतरांना साधा कागद, कर्बी यांच्यापुढे मात्र चार पानी करार. वाचकांच्या नियतकालिकांनी रान उठवलं. सह्यांच्या मोहिमा झाल्या, सहकारी चित्रकार उभे राहिले. १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं कर्बी यांना परत मिळाली. त्यांनी काढली होती त्याहून कितीतरी अधिक. १९९४ मध्ये ते वारले. वारसांनी लढा पुढे नेला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या उंबऱ्यावर असताना सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर पात्रांचा निर्माता म्हणून कर्बी यांचं नाव ली यांच्याबरोबर ठळकपणे येऊ लागलं.

वाचक नेहमी शहाणेच असतात, असं मी म्हणत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार हेच तारे झाले. १९९१ मध्ये जिम ली यांनी चित्रं काढलेल्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती गेल्या. घेणाऱ्यांतल्या कित्येकांनी तो वाचलाही नसेल. पुढे किंमत वाढेल म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला. १९९२ मध्ये सात नामवंत चित्रकारांनी एकत्र येऊन ‘इमेज’ ही प्रकाशनसंस्था काढली. ज्याची निर्मिती त्याचीच मालकी, हे तिचं तत्त्व. सीगल, शुस्टर, फिंगर, कर्बी या सगळ्यांच्या हालअपेष्टांना दिलेलं ते उत्तर होतं. पण तिच्या आरंभीच्या बऱ्याच अंकांत नुसते आवळलेले दात आणि फुगलेले दंड. गोष्ट हरवलेली. माझा तो दोस्त म्हणायचा तेच. पुढे साठेबाजीचा फुगा फुटला, दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलनंच दिवाळखोरी जाहीर केली. त्याच ‘इमेज’नं २०१२ मध्ये ‘सागा’ छापलं. ब्रायन वॉन यांचं लेखन, फिओना स्टेपल्स यांची चित्रं. त्यात शब्द कुठे थांबतो आणि रेघ कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. तत्त्व आधी आलं, कस नंतर आला.

वाचकांची एक वाईट बाजूही आहे. प्रेमाचं रूपांतर मालकीत व्हायला वेळ लागत नाही. २०१७ नंतर अमेरिकेत बायकांनी आणि अल्पसंख्याकांनी लिहिलेल्या, रेखाटलेल्या कॉमिक्सवर काही वाचकांनी शिवीगाळीची मोहीमच चालवली. ‘चित्र कसं आहे?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘काढणारी कोण लागून गेली?’ असं विचारलं जाऊ लागलं. प्रश्न दिसायला अब्बांच्याच प्रश्नासारखा, पण अब्बांनी विचारला तो दाद देण्यासाठी.

याच काळातलं माझं आवडतं पात्र कमला खान. २०१४ मध्ये ‘मिस मार्व्हल’ या नावानं तिचा अंक निघाला. जर्सी सिटीत राहणारी सोळा वर्षांची मुसलमान मुलगी. लेखन जी. विलो विल्सन यांचं, चित्रं एड्रियन अल्फोना यांची. घरातली अम्मी-अब्बूंची बोलणी, नमाज, भावाचा हट्टी धार्मिकपणा, हे वाचताना मला माझं घर आठवलं. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कमला स्वतःच कॉमिक्सच्या जगातली वेडी चाहती आहे. शूरवीरांवर ती स्वतः कथा लिहिते आणि इतरांशी वाद घालते. कित्येक दशकं पत्रांच्या पानावर बसलेला वाचक उठून थेट चौकटीत आला, असं मला वाटलं. २०१५ मध्ये या पुस्तकाला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आता आपल्याकडे पाहा. ‘अमर चित्र कथा’ म्हटलं की आपण अनंत पै यांचं नाव घेतो आणि ते योग्यच आहे. पण ‘कृष्ण’ या अंकातला तो निळा, खट्याळ बाळ राम वाईरकरांच्या हातचा. प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी रंगवलेले योद्धे आणि राजे अनेकांच्या मनात इतिहासाचा चेहरा होऊन बसले आहेत. ही आपली मराठी माणसं. इंद्रजालमधला भारतीय नायक बहादूर १९७६ मध्ये आला. तो आबिद सुरती यांनी घडवला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटला. किती जणांना ही नावं सांगता येतील? चित्र जिभेवर रुळत नाही, त्यामुळे काढणाऱ्याचं नावही रुळत नाही. आपल्या घरोघरी हे अंक बांधून ठेवलेले आहेत, पण त्यांच्यावर कडाक्याचं भांडण झाल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. आपण आदर केला. वाद घातला असता, तर नावं लक्षात राहिली असती.

हा प्रश्न आता जुना झाला असं समजू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं एका कॉमिक्सबद्दल निर्णय दिला. त्यातली चित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेली होती. कार्यालयानं सांगितलं, की मजकूर आणि मांडणी लेखिकेची, त्यांना संरक्षण मिळेल. चित्रं माणसाच्या हातची नाहीत, म्हणून त्यांना मिळणार नाही. ज्या लाखो चित्रांवर अशी यंत्रं शिकतात, ती मात्र कुणाच्या ना कुणाच्या हातचीच असतात. कारखान्यात नाव हरवण्याची ही नवी तऱ्हा आहे.

शेवटी पुन्हा सोलापूरला येतो. अब्बा उमेदीच्या काळात काही वर्षं दुसऱ्याच्या दुकानात काम करत. पाटी अब्बा रंगवायचे आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाव यायचं ते दुकानदाराचं. गावभर त्यांच्या पाट्या होत्या आणि त्यांचं नाव कुठेच नव्हतं. याबद्दल तक्रार करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. पण रस्त्यानं जाताना ते एखाद्या पाटीपाशी थांबत, ‘र’च्या वळणाकडे बोट दाखवत आणि म्हणत, ‘‘ये अपना है.’’ पुढे स्वतःचं दुकान झालं, तेव्हा पहिल्या पाटीच्या कोपऱ्यात त्यांनी सही केली. ती सही वाळेपर्यंत ते समोर उभे होते, हे मला स्पष्ट आठवतं.

नंतर फ्लेक्स आले. पाट्या उतरल्या, भंगारात गेल्या. त्यांतली एकही आता शिल्लक नाही.

म्हणून मला त्या दूरच्या, न पाहिलेल्या वाचकांबद्दल ओढ वाटते. पाठीच्या बाकावरून चित्रकार ओळखणारी ती मुलं, पन्नास वर्षं एकच वाद न सोडणारी ती माणसं. तुमच्या घरात नातवंडं कॉमिक्स वाचत असतील तर त्यांना हटकू नका. दोघंजण भांडत असतील तर भांडू द्या. फक्त मध्येच एकदा विचारा, चित्र कुणी काढलं? आणि मग पहिल्या पानावरची बारीक अक्षरं त्यांना मोठ्यानं वाचायला लावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)